घरची मिळकत आणि आयुष्यभराचे आरोग्य

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आरोग्याविषयी काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा मी प्रथम मागे हटलो. मी वैद्य नव्हे, शाळामास्तर. परंतु गेली काही वर्षे ट्रस्टकडे येणारे वैद्यकीय मदतीचे अर्ज वाचून त्यांवर टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. ते करताना मनात जो प्रश्न उभा राहिला, तोच सभासद बंधुभगिनींपुढे मांडावा, म्हणून हा लेख लिहीत आहे.

बहुतेक अर्ज एकाच तऱ्हेचे असतात. कोणाचे हृदयाचे ऑपरेशन, कोणाचे डायलिसिस, कोणाला पक्षाघात. अर्जदार पंचेचाळीस ते साठ वर्षांचा, घर गरिबीचे. काही काळापूर्वी असाच एक अर्ज आला. बाई छेचाळीस वर्षांच्या. मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी झालेली. बाईंनी लहानपणापासून विड्या वळल्या. त्यांची धाकटी मुलगी माझ्या वर्गात होती. वर्गात उंचीने सर्वांत लहान, पण गणितात हुशार. आईच्या दुखण्यामुळे नववीतच तिची शाळा सुटली. ट्रस्टने आपल्या ऐपतीप्रमाणे रक्कम मंजूर केली. चार महिन्यांनी बाई वारल्या.

मदत योग्यच होती. ती दिल्याचा पश्चात्ताप नाही. प्रश्न एवढाच की हे दुखणे सुरू कधी झाले? अर्ज आला त्या वर्षी? साखर प्रथम आढळली त्या वर्षी? की त्याच्याही फार पूर्वी? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे घरची मिळकत आणि शरीराचे आरोग्य ह्यांचा संबंध किती लांबवर पोचतो हे ध्यानी येते.

मिळकत म्हणजे काय?

प्रथम मिळकत ह्या शब्दाचा अर्थ नीट समजून घेऊ. समजा, दोन घरांत महिन्याकाठी अठरा-अठरा हजार रुपये येतात. पहिल्या घरात चार माणसे आणि एक ठरलेला पगार आहे. दुसऱ्या घरात सात माणसे. नवरा हमाली करतो, बायको विड्या वळते, थोरला मुलगा गॅरेजमध्ये जातो. कागदावर दोन्ही घरे सारखीच. पण माणशी हिशेब केला तर पहिल्या घरात साडेचार हजार पडतात, दुसऱ्यात अडीच हजारांच्या थोडे वर. शिवाय दुसऱ्या घरची मिळकत पावसाळ्यात घटते, हमालाची पाठ धरली की थांबते, आणि पाला-तंबाखू वेळेवर आली नाही की विड्यांची मजुरीही बुडते.

तेव्हा मिळकत पाहताना चार गोष्टी पाहाव्यात. एकूण किती, खाणारी तोंडे किती, ती बारमाही आहे की हंगामी, आणि ती कोणाच्या हातात पडते. ह्यांतली चौथी गोष्ट आपण सहसा विचारीत नाही. आईच्या हातात पडलेला रुपया आणि चौकातल्या टपरीवर मोडलेला रुपया हे नाण्याने सारखे असले तरी ताटात सारखे उतरत नाहीत.

यॉर्क शहराचा धडा

इंग्लंडमधील यॉर्क शहरी चॉकलेटचा मोठा कारखाना असलेल्या घराण्यातील सीबोम राउंट्री ह्या गृहस्थाने १८९९ साली त्या शहरातील कामकरी घरांची घरोघर पाहणी केली व १९०१ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यातून निघालेली एक गोष्ट आजही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मजुराच्या आयुष्यात गरिबी सदासर्वकाळ सारखी नसते. ती भरती-ओहोटीप्रमाणे येते-जाते. लहानपणी, घरात कमावते हात थोडे व तोंडे फार असतात तेव्हा ओढाताण. पुढे तो स्वतः कमावू लागला म्हणजे थोडी सुबत्ता. लग्न होऊन दोन-तीन मुले झाली की पुन्हा टंचाई. मुले कमावू लागली की पुन्हा बरे दिवस. आणि अखेर म्हातारपणी हात थकले की शेवटची ओहोटी.

राउंट्रीने आणखी एक गोष्ट नोंदविली. बाई जेव्हा मुलांना जन्म देत असते, तो बहुतेक काळ नेमका ह्या मधल्या ओहोटीत येतो. म्हणजे शरीराला अन्नाची गरज सर्वांत अधिक, त्याच वेळी घरात ते सर्वांत कमी. त्याने शाळेतील मुलांची मोजमापेही घेतली. तेरा वर्षांच्या वयास अत्यंत गरीब घरांतील मुले सुस्थितीतील कामकऱ्यांच्या मुलांपेक्षा सरासरी तीन इंचांहून अधिक बुटकी भरली.

यॉर्कच्या जागी निपाणी घाला आणि कारखान्याच्या जागी तंबाखूची वखार. चित्र फारसे बदलत नाही. आपल्याकडे त्यात एवढीच भर पडते की बाईच्या वाट्याला ही ओहोटी दुहेरी येते. लहानपणी ती मुलगी म्हणून मागे राहते, सासरी सून म्हणून शेवटी जेवते, आणि उतारवयात विधवा झाली तर मुलाच्या मर्जीवर राहते. आता ह्या तिन्ही काळांत शरीराचे काय होते ते क्रमाने पाहू.

जन्मापूर्वी

ह्या बाबतीत आपल्या मराठी मुलखातच मोठे काम झाले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. गरोदरपणात बाई काय खाते, किती राबते, आणि मूल किती वजनाचे होते, ह्याची तपशीलवार नोंद ठेविली. तेथील बालकांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडच्या साउथॅम्प्टन शहरातील बालकांचे ३.५ किलो. पण फरक केवळ वजनाचा नव्हता. आपल्या बालकांचे स्नायू व पोटातील अवयव लहान होते. चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत, पण आतून चरबी धरून ठेवणारे शरीर. अशा शरीरास पुढे मधुमेह लवकर गाठतो.

ह्याचे कारण असे सांगतात. गर्भाला अन्न अपुरे मिळाले तर तो मेंदूची वाढ आधी सांभाळतो आणि स्नायू, मूत्रपिंड, स्वादुपिंड ह्यांच्या वाढीत काटकसर करतो. पुढे वय वाढून पोट सुटले, बसून काम करण्याची सवय लागली, की लहान बांधणीच्या ह्या अवयवांवर न झेपणारा भार पडतो. इंग्लंडमध्ये डॉ. डेव्हिड बार्कर ह्यांनी हर्टफर्डशायर परगण्यातील दाया व आरोग्यसेविकांनी १९११ पासून लिहून ठेविलेल्या वजनांच्या वह्या शोधून काढल्या, आणि १९८९ साली दाखवून दिले की जन्मतः व पहिल्या वाढदिवसाला ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्या पुरुषांत पुढे हृदयविकाराने मृत्यू सर्वांत अधिक झाले. जन्मवेळच्या वहीत साठ वर्षांनंतरच्या दुखण्याची खूण सापडावी, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

पुण्याच्या त्याच अभ्यासात एक दिलासा देणारी गोष्टही आढळली. ज्या स्त्रिया हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे अधिक भरलेली होती. मेथी, शेपू, तांदळी, शेवग्याचा पाला ह्या काही श्रीमंतांच्या वस्तू नव्हेत. पण आठ जणांच्या घरात भाजीची पेंडी एक, आणि सून शेवटी जेवायला बसली, म्हणजे तिच्या वाट्याला भाकरी आणि रस्साच उरतो.

बाळंतपणाविषयी तर आपल्या बेळगाव जिल्ह्यानेच जगाला धडा दिला आहे. बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाने दगावणाऱ्या स्त्रियांत गरीब व आडगावच्या स्त्रियाच फार. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांबरोबर जिल्ह्यातील खेड्यांत १,६२० स्त्रियांवर एक प्रयोग केला. गावच्या नर्सबाईंनी बाळंतपणानंतर लगेच मिसोप्रोस्टॉल नावाच्या साध्या गोळ्या द्यायच्या. २००६ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अतिरक्तस्रावाचे प्रमाण शेकडा १२ वरून ६.४ वर आले होते. औषध स्वस्त, देणारी नर्स गावातलीच. मात्र वेळ अचूक.

बालपण आणि शाळा

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील मुलांपैकी शेकडा ३५ हून अधिक मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. कुटुंबांचे संपत्तीनुसार पाच भाग केले, तर सर्वांत गरीब भागात हे प्रमाण ४६ टक्के, सर्वांत सधन भागात २३. दोन अनुमाने निघतात. गरिबीने खुजेपण दुप्पट होते, हे एक. दुसरे असे की सधन घरांतही जवळजवळ चौथा हिस्सा मुले खुजी आहेत. म्हणजे केवळ पैशाने काम भागत नाही. आईची स्वतःची लहानपणची वाढ, पिण्याचे पाणी, वारंवार होणारी हगवण, वरचे अन्न कधी सुरू केले, ह्या सर्वांचा त्यात वाटा असतो.

खुजेपणाची बहुतेक हानी पहिल्या दोन वर्षांत होते. मूल माझ्याकडे पाचवीत येते तेव्हा त्याच्या हाडांचा हिशेब बराचसा लिहून झालेला असतो. तरी शाळेला करण्यासारखे पुष्कळ असते. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शाळेत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. त्यानंतर आपल्या राज्यात ‘अक्षर दासोह’ सुरू झाली व २०१३ साली ‘क्षीरभाग्य’ योजनेतून दूध मिळू लागले. सोमवारी सकाळच्या प्रार्थनेला घेरी येऊन बसणारी मुले मी पूर्वी पाहिली आहेत. रविवार मध्ये गेला की सोमवारी सकाळी पोट रिकामे असे. दूध सुरू झाल्यावर ती घेरी कमी झाली, हा माझ्या डोळ्यांदेखतचा अनुभव आहे.

मुलींची एक निराळी गोष्ट आहे. नववी-दहावीच्या वयात शरीर दुसऱ्यांदा झपाट्याने वाढते. त्याच वेळी पाळी सुरू होऊन रक्त कमी होते आणि त्याच वेळी घरकाम वाढते. हीच मुलगी पुढे चार-पाच वर्षांत आई होणार. म्हणून तिचे अन्न आणि तिची शाळा ह्यांत केलेली काटकसर ही एका पिढीची काटकसर नसून दोन पिढ्यांची असते.

कमावण्याची वर्षे

निपाणीची मिळकत बहुकाळ तंबाखूवर उभी राहिली. तंबाखूचा गुण असा की मजुरी देता देता ती शरीराकडून परत वसूल करते. तंबाखूतील निकोटिन कातडीतून व श्वासातून अंगात जाते. विडी न ओढणाऱ्या, केवळ वळणाऱ्या बाईच्याही. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील संशोधकांनी विडी उद्योगातील कामगारांच्या लघवीत तंबाखूतील द्रव्यांचे अंश मोजून हे सिद्ध केले आहे. वखारीतील भुकटीने खोकला व दमा, तासन्‌तास मान वाकवून बसल्याने पाठदुखी, आणि घरातच काम असल्यामुळे तीच भुकटी पाळण्यातल्या मुलाच्या नाकात.

हे मुकाट्याने सोसले गेले असे मात्र नाही. १९८० च्या सुमारास प्रा. सुभाष जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली येथील तंबाखू व विडी कामगार स्त्रिया संघटित झाल्या; वखारीतील स्त्रियांच्या लढ्यावर ‘युगांतर’ ह्या गटाने १९८२ साली माहितीपट काढला. १९८१ साली शरद जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी भावासाठी निपाणीजवळ महामार्गावर ठिय्या दिला, आणि ६ एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. आपण ह्या घटनांकडे मजुरीचे व भावाचे लढे म्हणून पाहतो. मला वाटते, ते आरोग्याचेही लढे होते. हजार विड्यांमागे वाढलेला रुपया हा दुधाचा, भाजीचा आणि डॉक्टरकडे वेळेवर जाण्याचा रुपया असतो.

‘आम्ही नोकरदार, आम्हाला ह्याचे काय?’ असे कोणी म्हणेल. लंडनमध्ये १९६७ साली सुमारे अठरा हजार सरकारी नोकरांची पाहणी सुरू झाली. त्यांत उपाशी कोणीच नव्हता. तरीही दहा वर्षांत सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट भरले. धूम्रपान व रक्तदाब ह्यांनी त्याचा अंशतःच उलगडा होत होता. आरोग्य हे गरीब आणि श्रीमंत अशा दोन खोल्यांत विभागलेले नसून तो जिना आहे. प्रत्येक पायरीवर फरक पडतो, आणि आपण सर्वजण त्याच जिन्यावर उभे आहोत.

उलटा प्रवाह

आतापर्यंत मिळकतीचा आरोग्यावर परिणाम पाहिला. पण पाणी उलटही वाहते. कमावता माणूस आजारी पडला म्हणजे प्रथम त्याची मजुरी थांबते, मग सेवा करणाऱ्याची. नंतर हातउसने, भिशी, बायकोचे मंगळसूत्र किंवा लच्छा, शेवटी घर गहाण. ह्यांत कोठेतरी मुलीची शाळा सुटते. आमच्या त्या अर्जदार बाईंच्या घरी नेमके हेच झाले.

देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ साली ६४ टक्क्यांहून अधिक होता. २०२१-२२ साली तो सुमारे ३९ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची सोय झाली. परंतु ही सोय मुख्यत्वे दाखल झालेल्या रोग्यासाठी. साखरेच्या रोजच्या गोळ्या, बेळगाव किंवा कोल्हापूरचे गाडीभाडे, बुडालेली मजुरी हे सारे घरच्याच अंगावर पडते. म्हातारपणी तर हा खर्च नेमका मिळकत संपल्यावर येतो. मग गोळ्या एक दिवसाआड घेतल्या जातात आणि रोग्याला वाटते की आपण काटकसर केली.

पैसा हेच सर्वस्व नव्हे

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मिळकत वाढल्याखेरीज आरोग्य सुधारणारच नाही, असे मुळीच नाही. २०२० साली हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू देशात २८, कर्नाटकात १९, महाराष्ट्रात १६ आणि केरळात अवघे ६ होते. महाराष्ट्र काही केरळापेक्षा गरीब राज्य नव्हे. केरळात मुली पिढ्यान्‌पिढ्या शिकल्या आणि दवाखाना गावाजवळ आला, हे त्या फरकाचे मोठे कारण. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी काळजी घेण्यास शिकविले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी खाली आले होते. त्या घरांची मिळकत त्या काळात काही दुप्पट झालेली नव्हती. ज्ञान, वेळेवर पोचलेली मदत आणि शिकलेली बाई ह्या तीन गोष्टी थोड्या पैशाला मोठे करतात.

आपण काय करावे?

घरापुरते सांगायचे तर गोष्टी साध्या आहेत. गरोदर सुनेने सर्वांबरोबर, किंबहुना आधी जेवावे. तिचे नाव पहिल्या तीन महिन्यांतच अंगणवाडीत नोंदवावे. २०१७ साली सुरू झालेल्या ‘मातृपूर्ण’ योजनेचे जेवण घेण्यात कमीपणा मानू नये. २०२३ साली सुरू झालेल्या ‘गृहलक्ष्मी’ योजनेची रक्कम बाईच्या नावावर येते, ती तिच्याच हाती राहू द्यावी. विड्यांचे सूप पाळण्यापासून दूर ठेवावे. पस्तिशीनंतर वर्षातून एकदा सरकारी दवाखान्यात साखर व रक्तदाब पाहून घ्यावा. आणि घरात कितीही अडचण आली तरी मुलीची शाळा सर्वांत शेवटी सोडावी. खरे तर सोडूच नये.

ट्रस्टपुढे मी नम्रपणे एक सूचना ठेवतो. आपला वैद्यकीय निधी जवळजवळ सारा आयुष्याच्या शेवटच्या पानावर खर्च होतो. ऑपरेशनच्या अर्जाला नकार द्यावा असे मी म्हणत नाही; दारी आलेल्या रोग्याला कोणत्या तोंडाने परत पाठवणार? पण निधीचा चौथा हिस्सा तरी बाजूला काढून तो तीन ठिकाणी लावावा. गरजू गरोदर स्त्रीला नऊ महिने आणि पुढे बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत दूध, अंडी, डाळ, भाजी. आठवी ते दहावीच्या मुलींना शाळेत टिकून राहण्यासाठी दरमहा मदत. आणि एकट्या पडलेल्या वृद्धांना रोजच्या गोळ्या. रमजानमध्ये आपण रेशनच्या पिशव्या वाटतो, ही चांगली प्रथा आहे. पण पिशवी महिन्यात संपते आणि गरोदरपण नऊ महिने चालते. जकातीची रक्कम वर्षभर हप्त्याहप्त्याने कशी देता येईल, हे उलेमांना विचारून ठरवावे. देणगीच्या रकमेला तर तीही अडचण नाही.

ह्यात एक उणीव आहे, ती मी लपवीत नाही. ऑपरेशन झालेला रोगी वार्षिक सभेत उभा राहून आभार मानतो. त्याचा फोटो अहवालात येतो. ज्या बाईचे मूल अडीच ऐवजी तीन किलोचे झाले, आणि म्हणून ज्याला पन्नासाव्या वर्षी मधुमेह झालाच नाही, त्याचा फोटो कोणी काढणार नाही. असल्या कामाचे श्रेय दिसत नाही. पण शरीर ही आपल्याकडे सोपविलेली अमानत आहे, असे आपण मानतो. मग अमानत बिघडल्यावर धावण्यापेक्षा ती बिघडू न देणे अधिक शहाणपणाचे.

आरंभी ज्या बाईंविषयी लिहिले, त्यांची ती धाकटी मुलगी सध्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. परवा बाजारात भेटली. डोक्यावर पदर ओढून ‘सर, बरे आहात ना?’ म्हणाली. हात काडीसारखे, चेहरा फिका. तिचा अर्ज ट्रस्टकडे आलेला नाही आणि येणारही नाही. कारण भाजी-दुधासाठी कोणी अर्ज करीत नसते. आजपासून पंचवीस-तीस वर्षांनी येईल तो तिच्या मूत्रपिंडाचा किंवा तिच्या मुलाच्या हृदयाचा. तोपर्यंत वाट पाहायची की आजच तिच्या दारी जायचे, हे आपल्या हाती आहे.